चौथ्या दालनातली खुर्ची

ही माझी खुर्ची. नऊ ते पाच.
बंदराकडच्या खिडकीची झडप उघडायची नाही,
काचेला हात लावू द्यायचा नाही,
कुणी स्वच्छतागृह विचारलं तर डावीकडे.
एवढंच काम.

चाळीस वर्षं तळघरात पडलेलं सामान
या वसंतात वर आणलंय.
'त्रिएस्ते : क्वचित पाहिलेल्या वस्तू'
असं फलकावर आहे.
भांडार सांभाळणारी नेरीना त्यावर हसते,
"मी तर रोज बघत होते."

पहिल्या काचेत हातभर दोर, काळपट, तेलकट.
बोरा सुटला की नाक्यानाक्यावर बांधायचे.
डोंगरावरून वारा असा यायचा
की वकील आणि त्याचा बुडालेला अशील
एकाच दोराला लोंबकळत न्यायालयात पोचायचे,
टोप्या आधीच समुद्रात.

मग कॉफीच्या पोत्यात खुपसायची पितळी नळी.
शाळेची मुलं काचेला नाक लावतात,
वास येत नाही म्हणून माझ्याकडे रागाने बघतात.

मासळीबाजारातला तराजू.
एका पारड्याखाली मेणाचा गोळा, अजून घट्ट.
कोळीण गेली, गिऱ्हाईक गेलं,
मासे तर त्याच दिवशी गेले.
लबाडी तेवढी जपून ठेवली आम्ही,
क्रमांक घालून.

आणि भिंतीवर पाटी :
'बेविलाक्वा, पिंपं बांधून मिळतील.'
तिच्यापुढे कुणी थांबत नाही.

बुधवारी, प्रवेश फुकट असतो त्या दिवशी,
एक म्हातारी आली. राखी कोट, हातात भाजीची जाळी.
दोर पाहिला नाही, तराजू पाहिला नाही,
पाटीसमोर उभी राहिली
आणि मान वाकडी करून कडेने बघायला लागली,
बंद दाराच्या फटीतून बघावं तशी.
म्हणाली, "तो दिवा जरा घालवता?"

परवानगी नाही, मी म्हणालो.
ती काही बोलली नाही. मान तशीच.
मग मी दिवा घालवला.
आणि, का ते ठाऊक नाही,
झडपही उघडली, बोटभर.

चारचं तिरपं ऊन पाटीवर आडवं पडलं
आणि अक्षरांखालून अक्षरं वर आली,
कातडीखाली शिरा दिसाव्यात तशी :
वो, दो, पि,
ती काचेपासून बोटभर लांब बोट फिरवत होती,
वेक.

"वोदोपिवेक. पाणी पिणारा.
आणि धंदा दारूच्या पिंपांचा,
सगळी गल्ली हसायची.
एक दिवस कागद आला : उद्यापासून बेविलाक्वा.
अर्थ तोच हो. पाणी पिणाराच.
अर्थाला हरकत नव्हती त्यांची.

मी सहा वर्षांची. रंगाचा डबा धरून शिडीखाली.
बाबांनी रंगात बादलीभर पाणी ओतलं.
म्हणाले, झोर्का, बघून ठेव,
पाणी पिणारे आपण,
पण आज त्यांना पाणी पाजतो."

माझं आडनाव इटालियन आहे.
आजोबांचं काय होतं
ते मी घरी कधी विचारलं नाही.
बापही स्वतःहून बोलला नाही.

ऊन सरकलं. पाटी पुन्हा बेविलाक्वा झाली.
म्हातारीने जाळी या हातातून त्या हातात घेतली,
कोबीचा गड्डा नीट बसवला, आणि विचारलं,
"स्वच्छतागृह कुठे आहे?"
डावीकडे, मी म्हणालो.

तेव्हापासून चौथ्या दालनातला दिवा
रोज चारच्या सुमारास बिघडतो.
मी तक्रारवहीत लिहितो : दिवा बंद, अंदाजे वीस मिनिटं.
नेरीना वाचते,
माझ्याकडे बघत नाही,
खाली सही करते.